राखेनं पुसलेली काच

"ही कशानं घासलीय हो?"

रतिलालनं डोळ्याचं भिंग बाजूला ठेवलं आणि लेन्स पुन्हा दिव्याखाली धरली. जळगावात कॅमेरे दुरुस्त करता करता त्याचे केस पिकले होते, पण असली काच त्यानं पाहिली नव्हती. त्याच्याकडे पडलेल्या लेन्स यायच्या, भिजलेल्या यायच्या, बुरशी धरलेल्या तर ढिगानं. हिच्या पुढच्या काचेवर मात्र गोल गोल बारीक चरे उठले होते, आणि तेही अगदी मन लावून.

"माझ्याच हातून झालं," कामिनी म्हणाली.

शेजारच्या स्टुलावर तिचे सासरे, धरणगावचे तोताराम आबा, बसले होते. सुनेनं खोटं बोलावं आणि तेही आपल्यासाठी, हे काही त्यांच्या पचनी पडेना.

"तिनं नही. मी पुसी," ते म्हणाले. "बंबमधली राख लिधी. वस्त्रगाळ करी. आन् कापूस."

"राख?"

"धाकलपने कंदिलनी काच मी राखघाईच पुसू. आरसासारखी निंघे."

लहानपणी कंदिलाची काच राखेनं पुसायची, तीच रीत आबांनी लेन्सला लावली होती. रतिलालला हसू फुटत होतं, ते त्यानं मिशीत दाबलं. कामिनीला तर दोन दिवस हसावं की रडावं तेच कळत नव्हतं. शुक्रवारी आबांच्या धाकट्या भावाच्या नातीचं लग्न होतं. घरच्या सुनेनं मांडवभर फिरून फोटो काढावेत हे भावकीत कुणालाच रुचलं नव्हतं. आबांनीच शब्द टाकला, आबांनीच सगळ्यांची तोंडं बंद केली. आणि मग ऐन लग्नात काच मळकी नको, म्हणून स्वतःच पुसायला बसले. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. कामिनीला त्यांचा राग यायला हवा होता, पण तो काही केल्या येत नव्हता.

"काच बदली करी द्या, भाऊ," आबा म्हणाले. "जे लागीन ते मी देसू."

"पैशांचं नाही आबा. काच बाहेरून मागवायची म्हणजे तीन आठवडे गेले. आणि लेन्स इतकी जुनी, की खरं सांगू, तिच्यावर खर्च करण्यात अर्थ नाही. ताई, शुक्रवारपुरती कुणाची तरी मागून घ्या."

"शुक्रवारी दाट तिथी आहे, रतिलालभाऊ. ज्याच्याकडे लेन्स आहे, तो त्या दिवशी कुठल्या ना कुठल्या मांडवात असणार." कामिनीनं लेन्सचं झाकण उगीचच ओढणीला पुसलं. "लग्नघरच्या काकांना सांगते, दुसरा कुणी बघा म्हणून."

आबा आपल्या दोन्ही तळहातांकडे बघत बसले.

"सांगाल हो. आधी एक फोटो तर काढून बघू," रतिलाल म्हणाला.

त्यानं लेन्स कामिनीच्या कॅमेऱ्याला चढवली. तिनं स्टुलावरच्या आबांचाच फोटो काढला. मिशीचा केस न् केस दिसत होता, वर चेहऱ्यावरचा अपराधीपणाही. तिघांनाही जरा बरं वाटलं. मग ती दाराबाहेर गेली आणि उतरत्या उन्हाकडे तोंड करून तिनं दुसरा फोटो काढला. रस्ता, गाड्या, माणसं, सगळं ताकात बुडवून काढल्यासारखं पांढुरकं आलं.

"काचेवर थेट ऊन पडलं की चरे चमकतात," मागून आलेला रतिलाल म्हणाला. "सावलीत काही नाही."

"मांडवाचं तोंड मावळतीला आहे. आणि लग्न गोरज मुहूर्तावर."

"मग अवघड आहे. हिच्या काचेपुढचं हूड उथळ, त्यानं तिरकं ऊन अडत नाही. छत्री धरली तर छत्रीच फोटोत येणार."

कामिनीनं मान हलवली. चला, संपलं, असं तिनं मनाशी म्हटलंही.

तेवढ्यात आबा उंबरा उतरून तिच्याजवळ आले. त्यांनी डोक्यावरची पांढरी टोपी काढली, लेन्सच्या वरच्या अंगाला आडवी धरली, थोडी पुढे, थोडी मागे केली. काचेवर नेमकी सावली पडल्यावर ते म्हणाले, "आते काढ."

चारचौघांत टोपी उतरवणारे आबा नव्हते. नऊ वर्षांत कामिनीनं त्यांना उघड्या डोक्यानं पाहिलं नव्हतं. कपाळाच्या वर, जिथं कधी ऊन लागलं नव्हतं, तिथं त्यांचं डोकं गोरंपान आणि लहान बाळासारखं कोवळं होतं. तिनं घाईघाईनं डोळा कॅमेऱ्याला लावला आणि बटण दाबलं.

समोरचा केळीवाला लख्ख आला. त्याच्या शर्टाची तुटकी गुंडीसुद्धा दिसत होती.

"मग काय, दुरुस्तीला ठेवून घेऊ?" रतिलालनं विचारलं. उत्तर त्याला माहीत होतं, पण त्याला ते ऐकायचं होतं.

"नको," कामिनी म्हणाली.

आबांचा हात अजून तसाच वर होता. उघड्या डोक्यावर ऊन घेत ते पुढच्या फोटोची वाट बघत होते.

"आबा, खाली घ्या हात. आणि शुक्रवारी हे नको. सगळी भावकी समोर बसलेली असेल. लग्न सोडून इकडे कॅमेऱ्याकडे, तुमच्याकडेच बघत बसेल."

"देखतीन ना. बठ्ठा देखतीन," आबा म्हणाले. "तव्हयच त्यास्ना फोटू काढी ले."