एक्झॉस्ट फॅन

वायरमनच्या पुतणीचं लग्न झालं, त्यानंतर त्याच वर्षी फर्निचर कारखान्याच्या शेठने पहिल्यांदाच मांजर पाळायचं मनावर घेतलं. केबिनमध्ये मऊ गादी आली आणि शेजारच्या पॉलिशच्या खोलीत एक्झॉस्ट फॅन बसवायला वायरमनला शिडीवर चढवलं.

“आजच्या आज फिरला पाहिजे, काका. उद्या मांजर येतंय,” शेठ म्हणाला. “डॉक्टर म्हणतात, या वासाने छातीची वाट लागते.”

वायरमनचं डोकं सणकलं. “आम्ही नऊ वर्षं हेच सांगत होतो. तेव्हा तुम्हीच म्हणालात ना, नाकाला रुमाल बांधा?”

“मांजराला रुमाल कसा बांधणार, काका?”



त्याच खोलीत एकोणीस वर्षं रुमाल बांधून पॉलिश करणारा वायरमनचा धाकटा भाऊ, नवरीचा बाप, लग्नाच्या दोन महिने आधी, नऊ मार्चला, छातीच्या आजाराने वारला.