बिनकाट्याचा मासा

समुद्रकाठच्या मासेमारांच्या जुन्या झोपड्या बघायच्या, हा हट्ट पोरांचा. नवरा सकाळपासून टाळाटाळ करत होता, तेव्हाच तिच्या मनात पाल चुकचुकली होती. झोपडीचं दार इतकं बुटकं, की तिचं कपाळ चौकटीवर आपटलं. घरी उघड्या कपाटालाही धडकणारा नवरा मात्र न बघता बरोबर वाकून आत शिरला.

"आधी आलायस इथे?"

"छे, पहिल्यांदाच."

आणि दाराआडच्या माठातलं पाणी त्यानं कुणाला न विचारता घेतलं!

झोपडी दाखवणारी म्हातारी "हे वल्हं बघा साहेब, हे जाळं बघा साहेब" करत होती, पण साहेबांकडे बघायचं शिताफीनं टाळत होती. हिला सगळं ठाऊक आहे तर!

"कोणाला घेऊन आला होतास?" तिनं दात-ओठ खात कुजबुजत विचारलं. नवरा जाळं निरखू लागला.

जेवायला म्हातारीनं भाजलेले मासे वाढले. पोरांच्या ताटात अख्खेच ठेवले. साहेबांच्या माशाचा मात्र बोटांनी चाचपून एकूण एक काटा काढला आणि मगच ताट पुढे सरकवलं. चाळिशीतला नवरा मान खाली घालून निमूट जेवू लागला.

तिचा घास हातातच राहिला. लग्न ठरताना तो म्हणाला होता, आई लहानपणीच वारली.

मग तिनं पोरांची ताटं म्हातारीपुढे सरकवली.

"यांचेही काटे काढा, आई. तुमचीच आहेत."