वाकताना तापणारी सळई

धाकट्याचा आलेख गुळगुळीत, अगदी शेवटपर्यंत! ताईच्या नाकाला मिरच्याच झोंबल्या.

म्हणजे बघा, प्रयोगशाळेत दोघांना काम एकच. सळई जोरात वाकवली की स्वतःच तापते, तापली की मऊ पडते, मऊ पडली की अजून वाकते, हे सगळं कॉम्प्युटरवर सोडवायचं. ताईचा प्रोग्राम दरवेळी अर्ध्यात उधळायचा. सळई थेट सूर्यापेक्षा गरम! आणि हा कालचा आलेला, चहा पीत पीत... उद्या प्रयोगशाळेच्या मॅडम कारखान्याच्या लोकांसमोर एकाचाच प्रोग्राम नेणार होत्या.

"नशीब काढलंस रे," म्हणत ताईने खुर्ची ओढली आणि त्याच्या स्क्रीनमध्ये डोकंच घातलं. एकेक ओळ वाचत गेली. आणि सापडलं!

"मॅडम, जरा येता का?" आवाजात अशी साखर की काय सांगू. "वाकण्यातून होणारी उष्णता याने शून्य ठेवलीय. सळई तापतच नाही, मग उधळेल कशाला?"

धाकट्याचं तोंड एवढंसं झालं. "चाचणीपुरतं काढलं होतं... परत घालायचं राहिलं."

"थांब, मीच घालते." ताईने शून्याच्या जागी खरा आकडा टाकला, बटण दाबलं आणि हाताची घडी घालून मागे रेलली. आता बघाच गंमत!

रेघ निघाली. वर चढली. ताईची जिथे उधळायची तिथे आली... आणि शांतपणे वळून पुढे गेली. खरी सळई वाकवायला किती जोर लागला, त्याची मापं ठिपक्यांनी मांडलेली होती. मघाशी, सळई मऊच पडत नव्हती तेव्हा, त्यांच्या बरीच वरून गेलेली रेघ आता एकेका ठिपक्याला शिवत चालली.

"कसं जमवलंस?" मॅडमनी विचारलं.

"वाकवण्याचं गणित करताना तापमान आहे तिथेच दाबून धरत नाही मी. जिथे तापेल तिथे तापू देतो. उष्णता सळईभर पसरवायची ती नंतर."

ताई पहिल्यापासून दाबूनच धरत होती.

मॅडमनी तिच्या पाठीवर थाप मारली. "बरं झालं बाई, तू पकडलंस. त्याची रेघ ठिपके सोडून चाललेली बघून मला शंका आलीच होती. म्हटलं, हिचा निदान अर्ध्यापर्यंत तरी खरा चालतो. उद्या तुझाच प्रोग्राम न्यायचं ठरवलं होतं मी."