एक्केचाळिसावं पान

निवृत्तीच्या सत्काराच्या खुर्चीतून आतारबाईंना समोरच्या भिंतीवरचा कागद नीट दिसत होता. सकाळीच डकवलेला, खळ अजून ओली. 'गहाळ पुस्तके, एकूण त्रेचाळीस. नोंदणी विभाग, श्रीमती नुजहत आतार यांच्या कार्यकाळात.' खाली क्रमवार यादी आणि शेवटी त्यांचीच सही. हार आणि ठपका एकाच दिवशी. एका दगडात दोन पक्षी मारायची समितीला भारी हौस.

सही काल घेतली होती. "करून टाका बाई, नाहीतर पोलिसांत कळवावं लागंल. या वयात बरं दिसतं का?" असं अध्यक्ष कुमारराव हसत हसत म्हणाले होते. भोरच्या या वाचनालयात तेहतीस वर्षं प्रत्येक नवं पुस्तक आधी बाईंच्या हातात यायचं. त्याला नंबर मिळायचा, त्याचं कार्ड व्हायचं, मगच ते कपाटात जायचं. त्यातली त्रेचाळीस बाईंनीच घालवली, असं आता सगळ्या गावाने वाचायचं.

कुमारराव माईकवर रंगात आले होते. "आतारबाई म्हणजे आपल्या वाचनालयाचा कणा! आता कॉम्प्युटर आलाय. तो काय हरवत नाही म्हणा." लोक हसले. बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला, पण हात मांडीवरून हलले नाहीत.

मग शाल आली, नारळ आला आणि चकचकीत कागदात गुंडाळलेलं एक पुस्तक आलं.

"बाईंना पुस्तकाशिवाय दुसरं काय द्यायचं?" कुमारराव म्हणाले. "माझ्या स्वतःच्या संग्रहातलं आहे." टाळ्या पडल्या.

बाईंनी कागद सोडला. रानभाज्यांवरचं जाडजूड पुस्तक. याच पुस्तकासाठी हिर्डोशीचे रखमाजी तीनदा एसटीने आले होते आणि तिन्ही वेळा बाईंनी त्यांना हात हलवत परत पाठवलं होतं. कार्ड होतं, पुस्तक नव्हतं. हातातल्या प्रतीचं पहिलं पान ब्लेडने सफाईने कापलेलं होतं. वाचनालयाचा शिक्का असतो, तेच पान.

बाईंचा अंगठा सवयीने एक्केचाळिसाव्या पानावर गेला. चोर पहिलं पान फाडतो, शेवटचं फाडतो, मधलं कोण बघतंय? म्हणून वाचनालयवाले मधलं एक पान गुपित ठेवतात आणि त्यावर खूण करतात. इथलं पान एक्केचाळिसावं, आणि ते दोघांनाच ठाऊक. बाईंना आणि शिपाई गेनबांना. बाईंनी पान ताणून धरलं. शिवणीच्या पोटात, पेन्सिलीने, मुंगीएवढ्या अक्षरात त्यांनीच कधीतरी लिहिलेला नंबर जागच्या जागी होता.

पाण्याचा गिलास ठेवायला वाकलेल्या गेनबांनी तो पाहिला. ते तसेच वाकून राहिले.

"बाई, उठा की," ते कुजबुजले. "माईक हितंच हाय. दावा समद्यांना पान. नावावरचा डाग जाईल."

"आणि बाकीची बेचाळीस? आज पान सांगितलं की संध्याकाळच्या आत यांच्या घरी बेचाळीस पानं चुलीत जातील. मग ती पुस्तकं आपली होती, हे कुणाच्या बापाला सिद्ध करता येणार नाही."

"म्हंजी चोर तुमीच ठरायचं व्हय?"

बाईंनी पुस्तक मिटलं. रडू येत होतं आणि या माणसांसमोर रडायचं नव्हतं. कुणीतरी माईक पुढे केला. "सगळ्यांचे आभार," बाई म्हणाल्या आणि बसल्या. तेहतीस वर्षं दोन शब्दांत आटोपली. वेळेत कार्यक्रम संपला म्हणून समितीला बरंच वाटलं.

चहाची गडबड सुरू झाली, तशा बाई आपल्या टेबलाशी गेल्या. चिठ्ठीवर नंबर लिहून ती त्यांनी पुस्तकाच्या पाठीला चिकटवली, बोटाने दाबून कोपरे बसवले आणि पुस्तक गेनबांच्या हातात दिलं.

"हिर्डोशीच्या गाडीच्या कंडक्टरकडे निरोप द्या. रखमाजींना म्हणावं, पुस्तक आलंय."

मग भिंतीपाशी जाऊन त्यांनी यादीतल्या सतराव्या नावावर रेघ मारली. वरचे त्रेचाळीस खोडून बेचाळीस केले. आपल्या नावाला हात लावला नाही.

कुमारराव कपबशी घेऊन मागे येऊन उभे राहिले होते.

"हे काय बाई? भेट परत केली?"

"आपल्याच वाचनालयाचं होतं, साहेब."

"कशावरून?" त्यांचा चहा बशीत हिंदकळला.

"वासावरून."

कुमाररावांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "बाई, सही झालीय तुमची. आता उगाच कशाला..."

"मी कुठं काय म्हणतेय?" बाईंनी पेनाला टोपण लावलं. "राहिलेली बेचाळीस पण येतील हळूहळू. तुम्हाला अजून लई जणांचे सत्कार करायचेत."