व्हायोचा राखणदार

जयरामने नारळ उचलला आणि पुन्हा खाली ठेवला.

कोरगावच्या काजूबागेत, शिमेवरच्या म्हणजे हद्दीवरच्या आंब्याखाली, ती हद्द राखणाऱ्या देवाच्या, राखणदाराच्या दगडापुढे रोट, विडी आणि दारूची वाटी मांडून झाली होती. लेकीचे, सेजलचे विमान संध्याकाळचे होते. मोपाचा विमानतळ जवळ, त्यामुळे घाई नव्हती. पुढच्या आठवड्यात ओहायोत तिला अमेरिकेची नागरिक म्हणून शपथ घ्यायची होती. त्याआधी बाबांनी आपल्यासाठी गाऱ्हाणे घालावे, एवढेच मागायला ती आली होती. गावात कुणाचेही गाऱ्हाणे जयरामच घालायचा. तो देवाला सांगायचा आणि प्रत्येक वाक्याला बाकीचे ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचे.

“म्हाराजाक सोडतलंस तू?” त्याने लेकीला विचारले.

क्षणभर कुणाला काही कळले नाही. मग सेजलला आठवले. सकाळी चहाच्या वेळी कृष्णनाथकाकांनी शपथेत काय म्हणतात ते विचारले होते. तिने मोबाइलवर बघत जमेल तसे मराठी केले होते : परक्या राजा-महाराजांवरची सगळी निष्ठा मी सोडते. जयरामनेही ते ऐकले होते. तो म्हाराजा म्हणायचा ते फक्त देवाला.

सेजलचा चुलतभाऊ साईश हसला, पण जयरामचा चेहरा बघून त्याने हसू आवरले. सेजलने समजावून सांगितले की ते युरोपातल्या जुन्या राजांसाठी लिहिलेले आहे, देवाचे तिथे कुणी विचारत नाही, तिच्या स्वयंपाकघरात गणपती आहे तो तसाच राहणार. जयरामने ऐकून घेतले. त्याचा हात नारळाकडे गेला.

“देव ऱ्हवलो,” कृष्णनाथकाका म्हणाले. “आनी देश?”

काका जयरामचे धाकटे भाऊ. सैन्यात नोकरी करून परतलेले.

“तो सोडूचो लागता,” सेजल म्हणाली. “पासपोर्ट परत दिवचो लागता.”

जयरामचा हात थांबला.

काका म्हणाले की जगात सगळ्यांत मोठे आम्हीच, असे जो देश स्वतःच सांगत फिरतो त्याच्यात खोट असणारच. मोठेपणा दुसऱ्याने सांगायचा असतो. साईश मोपाला टॅक्सी चालवतो. त्याचे म्हणणे, दुसरेच सांगतात की. अख्खे जग त्यांच्या व्हिसासाठी रांगेत उभे आहे.

“रांग रेशनाच्या दुकानाकडेय आसता,” काका म्हणाले.

साईशने रस्त्यांचे, पगारांचे आणि चंद्रावर गेलेल्या माणसांचे सांगितले. काकांनी युद्धांचे सांगितले. सेजल दोघांच्या मध्ये उभी होती आणि बाबांकडे बघत होती. गाऱ्हाणे झाले नाही तरी शपथ होणारच होती. पण मग ती इथून पाठ फिरवून गेल्यासारखी गेली असती, आणि हे तिला आणि जयरामला दोघांनाही ठाऊक होते.

जयरामने हात वर करून दोघांना थांबवले.

“तुझ्या शेजाराक कोण आसा, ता सांग,” तो सेजलला म्हणाला.

तिने सांगितले. डावीकडे एक म्हातारा सैनिक. दारापुढे काठी रोवलेली. सकाळी झेंडा चढवतो, दिवस मावळायच्या आत उतरवतो. आपल्या देशासारखा देश पृथ्वीवर नाही, असे भेटेल त्याला सांगतो. समोर निवृत्त शाळामास्तरीण. दर शनिवारी कोर्टापुढे फलक घेऊन उभी राहते : मूळच्या लोकांच्या जमिनी बळकावल्या, नको ती युद्धे केली, हे कबूल करा. दोघांचे रस्त्याच्या दोन बाजूंनी भांडण चालते आणि सगळ्या आळीला ऐकू जाते.

मागच्या थंडीत म्हातारा इस्पितळात होता. तो परत येईपर्यंत मास्तरीण रोज गुडघाभर बर्फातून रस्ता ओलांडून यायची आणि त्याचा झेंडा चढवायची. संध्याकाळी उतरवून, कुठे जमिनीला टेकू न देता, त्याची तिकोनी घडी घालायची. सेजलने एकदा न राहवून विचारले, की तुम्ही कशाला? मास्तरणीला प्रश्नच विचित्र वाटला. झेंडा काही त्याच्या एकट्याचा नाही, ती म्हणाली. तो घरी येऊ दे, त्याच्याशी माझे बोलणे अर्धे राहिले आहे.

“त्याच सांजेक मी अर्ज भरलंय,” सेजल म्हणाली.

साईशला यात अमेरिकेचा मोठेपणा कुठे आला ते कळले नाही. काका खाली बघत होते.

“घडी तिकोनी घालता ती?” त्यांनी विचारले.

“व्हय, काका. कोपऱ्याक कोपरो लावन.”

काकांनी सैन्यात अशाच काळजीने झेंडे उतरवले होते. जयरामने नारळ उचलला, डोळे मिटले आणि आवाज लावला.

“बा राखणदारा म्हाराजा, माझी लेक, ह्या चेडू, आज तुझी शीम वलांडून जाता. वाटेत तेची राखण कर.”

“व्हय म्हाराजा,” तिघांनी म्हटले.

जयराम थांबला. जिथे जायचे तिथल्या राखणदारालाही हाक द्यावी लागते.

“आनी बा व्हायोच्या राखणदारा,” तो म्हणाला. साईश ‘ओहायो’ अशी दुरुस्ती करणार होता. सेजलने त्याचा हात दाबला. “तुझा नाव आमका ठाऊक नाय, म्हाराजा. पण शीम आसा थंय तू आसतलंस. आजपासून ह्या चेडू तुझ्या पदरात घालतंय.”

“व्हय म्हाराजा,” साईश आणि सेजल म्हणाले. काकांचा आवाज आला नाही.

जयरामने नारळ दगडाला टेकवला.

“ह्या चेडू गोड बोलणारा न्हय. घरात इल्यापासून माझ्योच चुको काढता. तुझ्यो काढूक लागला, की तुका आपलो मानल्यान, असा समज, म्हाराजा.”