परवानगीचं पत्र

"लेखक गेल्यावरही साठ वर्षं कॉपीराइट? वारसांनी असे काय दिवे लावले?" मी गरजले आणि सभागृह टाळ्यांनी दणाणलं. पहिला नंबर! भाषणात एक जुनं बालगीतही मी ठसक्यात म्हटलं होतं.

करंडक देताना पाहुण्या कर्णिकबाई हसल्या. "छान म्हटलंस गं. माझ्या बाबांचं गीत आहे ते."

मी करंडक पाठीमागे लपवला.

"बाबा गेले तेव्हा मी चार वर्षांची होते. गीतं वापरायला परवानगी मागणारे पत्रात त्या गीतांच्या आठवणी लिहितात. मला बाबा तेवढेच माहीत. डिसेंबरात साठ वर्षं संपतील. मग कोण कशाला लिहील?"

घरी पोचेपर्यंत माझेच 'दिवे' मला डाचत होते. लगेच पत्र लिहिलं. 'बाई, न विचारता गीत म्हटलं, चुकले. आता परवानगी द्याल?'

खाली लिहिलं, 'लहानपणी आईनं हे गीत म्हटल्याशिवाय मी वेणी घालू द्यायचे नाही.'