दफनाची वही

ज्याने पूर्वजांचे जन्म शोधले, त्याने त्यांचे मृत्यूही शोधावेत. हे पथ्य वृद्ध अ‍ॅम्ब्रोज थर्केटल यांच्याकडून राहून गेले होते. गावच्या चर्चमधील बाप्तिस्म्याच्या वहीवरून चाळीस वर्षांत त्यांनी आपले कुळ १५८४ मधील रॉबर्टपर्यंत नेले. आज बहीण विनिफ्रेडने शेजारची दफनाची वही उघडली.

“चाळीस वर्षं नुसती बारशीच जेवलास, अ‍ॅम्ब्रोज! अरे, हा रॉबर्ट तीन दिवसांतच गेलाय.”

“मग आपण कुणाचे, विनी?”

तिने ती वही त्यांच्यापुढे सरकवली.

त्या तान्ह्याला अ‍ॅम्ब्रोज यांनी वंशवृक्षात पत्नी दिली होती, सात मुले दिली होती, एकाहत्तर वर्षांचे आयुष्य दिले होते. आता ते सारे स्वहस्ते खोडणे आले. ईश्वर त्या बाळाला, आणि त्याला दुसऱ्यांदा पुरणाऱ्या या वृद्धालाही, शांती देवो.